टेरी प्रॅचेट वाचायला घेताना: कुठून सुरुवात करायची, काय टाळायचं

टेरी प्रॅचेट यांच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत. पहिली १९८३ मध्ये आली, शेवटची २०१५ मध्ये. कुणीतरी सांगितलेलं असतं, 'एकदा वाचून बघ, तुला आवडेल.' तुम्ही नाव शोधता आणि समोर पुस्तकांची रांग उभी राहते. एकावर चेटकिणी, दुसऱ्यावर सांगाडा, तिसऱ्यावर ड्रॅगन. मालिका म्हटल्यावर माणूस साहजिकच पहिलं पुस्तक उचलतो, ऐंशी-नव्वद पानं वाचतो आणि 'हे काही आपलं नाही' म्हणून कपाटात ठेवून देतो. माझ्या ओळखीतल्या कित्येक चांगल्या वाचकांचं असं झालंय आणि प्रत्येक वेळी मला हळहळ वाटली आहे, कारण त्यांना आवडलं असतं असं पुस्तक त्याच रांगेत चार हात पुढे होतं. हा लेख त्यांच्यासाठी आणि अजून पहिलं पानही न उलगडलेल्यांसाठी. तुम्ही मूळ इंग्रजीतून वाचणार आहात असं धरून लिहिते आहे.

आधी त्या जगाबद्दल थोडं. डिस्कवर्ल्ड थाळीसारखं सपाट आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर आहे, हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर उभे आहेत आणि कासव अवकाशात पोहत चाललंय. इंग्रज वाचकाला हे सगळं नव्याने समजावून घ्यावं लागतं. आपण कूर्मावतार आणि दिग्गज लहानपणीच ऐकलेले असतात, महादेवाच्या देवळात नंदीजवळ दगडी कासव पाहिलेलं असतं. अशाच जुन्या सृष्टिकथांमधून प्रॅचेटनी हे जग उचललं आणि त्यावर चोर, पोलीस, पोस्टमन, सुइणी, मांजरं, बँका, वर्तमानपत्रं आणून वसवली. जादू आहे, पण गोष्ट बहुतेक वेळा माणसं एकमेकांशी कशी वागतात याची असते.

सोबत काय हवं

- एक छापील पुस्तक. पहिलं तरी छापीलच घ्या, कारण खाली येईल.
- पेन्सिल. तळटीपांवर, हसू आलेल्या वाक्यांवर आणि न कळलेल्या जागांवर खूण करायला.
- इंग्रजी शब्दकोश, फोनवरचा चालेल. मात्र तो दर ओळीला उघडायचा नाही.
- 'अ‍ॅनोटेटेड प्रॅचेट फाइल'. वाचकांनी वर्षानुवर्षं जमवलेली ही टिपणं इंटरनेटवर फुकट वाचता येतात. कुठला विनोद कुठल्या जुन्या गाण्यावर, नाटकावर, म्हणीवर बेतलाय ते त्यात सापडतं. पुस्तक संपल्यावर उघडा. आधी उघडलीत तर वाचन बाजूला राहतं आणि अभ्यास सुरू होतो.

पात्रांची यादी, नकाशा, वाचनक्रमाचे रंगीत तक्ते यांची सुरुवातीला गरज नाही. ते तक्ते बघूनच निम्मे लोक घाबरतात.

१. पहिल्या क्रमांकाचं पुस्तक पहिलं वाचू नका

'द कलर ऑफ मॅजिक' (१९८३) हे मालिकेतलं पहिलं पुस्तक. त्या काळी तलवारी, जादूगार आणि उघड्या छातीचे वीर यांच्या कादंबऱ्यांचं पेव फुटलं होतं. प्रॅचेट त्यांची टोपी उडवतात. ज्यांनी त्या वाचलेल्याच नाहीत त्यांच्या हाती अर्धी गंमत लागत नाही. शिवाय पुस्तक चार सुट्या भागांचं आहे आणि शेवटी गोष्ट अक्षरशः जगाच्या कडेवरून खाली पडते. पुढचं कळायला 'द लाइट फँटास्टिक' (१९८६) घ्यावं लागतं.

त्यातही छान गोष्टी आहेत. टूफ्लॉवर हा त्या जगातला पहिला पर्यटक आणि त्याच्या मागे शेकडो पायांवर धावणारी, लोकांना गिळणारी लाकडी पेटी, हे दोघं विसरता येत नाहीत. टूफ्लॉवर एका खानावळवाल्याला आगीचा विमा म्हणजे काय ते समजावून सांगतो आणि मग शहर पेटतं. पण हे पाच-सहा पुस्तकांनंतर वाचलं तर जास्त आवडतं, कारण तोवर लेखकाचा हात कुठवर पोचला ते तुम्हाला माहीत असतं.

जुन्या प्रतींवर जॉश किर्बी यांची गजबजलेली, भडक रंगांची मुखपृष्ठं आहेत. लहान मुलांचं किंवा स्वस्तातलं काहीतरी असावं असा त्यावरून समज होतो. तो करून घेऊ नका. पुस्तकात टूफ्लॉवरला चार डोळे आहेत असं म्हटलंय ते त्याच्या चष्म्यावरून, आणि किर्बींनी मुखपृष्ठावर त्याला खरोखरच चार डोळे काढले आहेत. २००१ मध्ये किर्बी गेले. त्यानंतरची मुखपृष्ठं पॉल किडबी यांनी केली.

२. स्वभावाप्रमाणे दार निवडा

ही एका धाग्याची मालिका नाही. एकाच जगात राहणाऱ्या वेगवेगळ्या माणसांच्या चार-पाच मालिका एकमेकींशेजारून चालतात. यातलं कुठलं दार आपलं ते ओळखलं की निम्मं काम झालं.

पोलिसांच्या, शहराच्या, राजकारणाच्या गोष्टी आवडत असतील तर 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९). कुणी काहीच न सांगता 'एक पुस्तक सुचव' म्हणालं तर मी हेच देते. अँख-मॉरपॉर्क नावाचं बकाल, प्रचंड शहर. नदी इतकी दाट की तिच्यावरून चालत जावं. चोरांचा अधिकृत संघ आहे, ते ठरलेल्या कोट्यात चोरी करतात आणि पावती देतात. अशा शहरात रात्रपाळीच्या पोलिसांना काम काय उरणार? त्यांचा कप्तान सॅम व्हाइम्स पहिल्यांदा भेटतो तो दारू पिऊन गटारात पडलेला. आणि मग एक गुप्त मंडळ ड्रॅगनला बोलावतं.

त्यातला एक प्रसंग सांगते, म्हणजे चव कळेल. तीन पोलीस रात्री एका छपरावर उभे आहेत, हातात धनुष्य, ड्रॅगनच्या एका नाजूक जागी बाण मारायचाय. गोष्टींमध्ये 'दहा लाखांत एक' अशी शक्यता नेहमी खरी होते हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण आपली शक्यता बरोबर दहा लाखांत एक आहे का? नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे त्रेचाळीसांत एक असेल तर? तसं कधी कुणी म्हटलेलं ऐकलंय का? म्हणून ते बाण मारणं मुद्दाम अवघड करत जातात. तोंडाला काजळी फास, जीभ बाहेर काढ, एका पायावर उभा राहा, वर गाणं म्हण. पुढे काय होतं ते पुस्तकातच वाचा. अतिशय गंभीरपणे केलेला चुकीचा हिशोब आणि तो करणारी भाबडी, भली माणसं, हा प्रॅचेटचा खास प्रांत.

मरणाबद्दल विचार करत असाल, किंवा नुकतंच घरातलं कुणी गेलं असेल, तर 'मॉर्ट' (१९८७) आणि नंतर 'रीपर मॅन' (१९९१). इथे मृत्यू हे एक पात्र आहे: सात फुटी सांगाडा, हातात विळा, बिंकी नावाचा पांढरा घोडा. त्याला मांजरं आवडतात आणि झणझणीत करीही आवडते. 'मॉर्ट'मध्ये तो एका खेडवळ पोराला शिकाऊ म्हणून ठेवतो. 'रीपर मॅन'मध्ये त्याला कामावरून काढतात आणि तो एका म्हाताऱ्या बाईच्या शेतावर गडी म्हणून राबतो. आजाराने शेवटाला आलेले वाचक प्रॅचेटना पत्रं लिहीत, की मृत्यू तुमच्या पुस्तकातल्यासारखा असला तर बरं होईल. अशी पत्रं वाचली की आपण बराच वेळ भिंतीकडे बघत बसतो, असं प्रॅचेटनी लिहिलंय.

खेडं, बायका, नाटक आवडत असेल तर 'वीअर्ड सिस्टर्स' (१९८८). लँकर नावाच्या डोंगराळ चिमुकल्या राज्यातल्या तीन चेटकिणी, आणि शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'ची उलटीपालटी. ग्रॅनी वेदरवॅक्स ही प्रॅचेटची सर्वांत ताकदीची बाई. जादू येत असूनही ती शक्यतो वापरत नाही, नुसतं बघून माणसाला सरळ करते. या चेटकिणी बाळंतपणं करतात, मेलेल्यांना आंघोळ घालतात, गावातल्या म्हाताऱ्यांची नखं कापतात.

धर्म आणि श्रद्धा यांवर वाचायचं असेल तर 'स्मॉल गॉड्स' (१९९२). हे एकटं पुस्तक आहे, मागचंपुढचं काहीच माहीत नसलं तरी चालतं. ओम नावाचा एक बलाढ्य देव पृथ्वीवर येतो आणि आपण एका डोळ्याचं साधं कासव झालोय हे त्याच्या लक्षात येतं. त्याच्या नावाने लाखो लोक पूजा करतात, पण सगळे घाबरतात ते धर्मपीठाला. देवावर खरा विश्वास असलेला एकच उरलाय: ब्रूथा, बागेत काम करणारा अडाणी शिष्य. हे धर्मपीठ शिकवतं की जग चेंडूसारखं गोल आहे, आणि पाखंडी लोक अंधारात एकमेकांच्या कानात सांगतात की जगाखालचं कासव हलतंय. नावावरून आपल्याकडच्या ॐकाराचं काही असेल असं समजून घेऊ नका. ज्या अनुभवावर पुस्तक उभं आहे तो युरोपातल्या धर्मन्यायालयांचा आहे.

कारकुनी, सरकारी खाती, बंद पडत चाललेल्या संस्था यांत जीव अडकलेला असेल तर 'गोइंग पोस्टल' (२००४). फाशी झालेल्या एका भामट्याला शहराचा हुकूमशहा व्हेटिनारी बुडालेलं पोस्ट खातं चालवायला देतो. इमारतीत वर्षानुवर्षं न वाटलेल्या पत्रांचे डोंगर, आणि नोकर उरलेत दोन. मालिकेत फार उशिरा आलेलं असूनही पहिलं पुस्तक म्हणून उत्तम चालतं.

मुलांसोबत वाचायचं असेल तर 'द वी फ्री मेन' (२००३). नऊ वर्षांची टिफनी एकिंग, मेंढपाळांच्या घरातली, लोणी-चीज करणारी. नदीतून राक्षसीण येते. गोष्टीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की तिचे डोळे सूपच्या बश्यांएवढे असतात. टिफनी स्वयंपाकघरात जाऊन बशी मोजते: आठ इंच. मग तळण्याचा तवा घेऊन नदीवर जाते.

३. पान कसं वाचायचं

बहुतेक डिस्कवर्ल्ड कादंबऱ्यांना प्रकरणं नाहीत. रोज एक प्रकरण वाचून झोपायची सवय असलेल्यांचा इथे फार गोंधळ होतो. दोन परिच्छेदांमध्ये मोकळी ओळ दिसली की दृश्य बदललं असं समजा आणि तिथेच थांबा. दृश्याच्या मध्ये पुस्तक मिटलंत तर दुसऱ्या दिवशी कोण कुठे होतं ते आठवत नाही. 'गोइंग पोस्टल' आणि टिफनीच्या पुस्तकांना प्रकरणं आहेत, म्हणून ज्यांना वाचायला तुकड्यातुकड्यांत वेळ मिळतो त्यांना ती सोपी जातात.

तळटीपा वगळू नका. या माहितीच्या टीपा नाहीत, उत्तम विनोद तिथेच लपलेले असतात आणि कधीकधी तळटीपेलाही तळटीप असते. छापील प्रत घ्या म्हटलं ते यासाठी. कागदावर नजर खाली जाते आणि परत वर येते. फोनवर प्रत्येक वेळी चिमुकल्या आकड्यावर बोट नेमकं टेकवावं लागतं, मग माणूस कंटाळून टीपा सोडून देतो आणि प्रॅचेटमधलं बरंचसं हातचं जातं.

मृत्यूचं बोलणं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, अवतरणचिन्हांशिवाय. ती छपाईची चूक नाही. भरगर्दीच्या प्रसंगात अचानक तशी ओळ आली की समजायचं, कुणीतरी गेलं.

बोलीभाषा अडवतात. टिफनीच्या पुस्तकांतले निळे बुटके स्कॉटिश ढंगात बोलतात आणि शाळेतल्या इंग्रजीवर वाढलेल्या आपल्याला पहिली दहा पानं काही उमगत नाही. यावर एकच उपाय: मोठ्याने वाचा. कानावर पडलं की निम्मे शब्द आपोआप ओळखू येतात. बुटक्यांच्या शब्दांची छोटी यादी 'अ हॅट फुल ऑफ स्काय'मध्ये दिली आहे, तीही वापरा.

सगळे विनोद कळलेच पाहिजेत असा हट्ट धरू नका. मॉरिस नृत्य, इंग्लंडमधला नाताळ, जुन्या सिनेमांतली वाक्यं यांचे संदर्भ आपल्या अंगवळणी पडलेले नसतात. पेन्सिलीने खूण करा आणि पुढे चला. दहातले सात विनोद कळले तरी पुस्तक भरभरून देतं. विनोदासाठी गोष्ट थांबत नाही, हेही लवकरच लक्षात येईल.

४. विनोदाखालचा राग ओळखा

हसवणारा लेखक म्हटला की आपण त्याला हलकंफुलकं समजतो. प्रॅचेट वाचताना याहून मोठी चूक नाही. त्यांच्या लिखाणाला खाली सतत आच असते आणि ती अन्यायाच्या रागाची असते.

'मेन अ‍ॅट आर्म्स' (१९९३) मधला बुटांचा उतारा मी लोकांना आवर्जून वाचायला लावते. कप्तान व्हाइम्सचा पगार महिना अडतीस डॉलर, वर भत्ते. चांगले चामड्याचे बूट पन्नास डॉलरना. त्याला परवडतात ते दहा डॉलरचे. ते एक-दोन मोसम टिकतात, मग तळव्यातला पुठ्ठा झिजतो आणि पाणी आत येतं. पन्नासवाले बूट दहा वर्षांनीही पाय कोरडे ठेवतात. म्हणजे ज्याच्याकडे पन्नास डॉलर होते त्याचं काम एकदाच भागलं, आणि ज्याच्याकडे नव्हते त्याने तेवढ्याच काळात शंभर घातले आणि पाय ओले ते ओलेच. श्रीमंत श्रीमंत का राहतो याचं व्हाइम्सने मांडलेलं गणित ते हेच. त्याचे तळवे इतके झिजलेत की धुक्याच्या रात्री पायाखालच्या फरशा कशा लागतात त्यावरून तो शहराच्या कुठल्या गल्लीत उभा आहे ते सांगू शकतो. गणित आणि माणूस एकाच वेळी डोळ्यांपुढे उभे राहतात.

हा उतारा कादंबरीबाहेरही पोचला. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये स्वस्त धान्य-किराण्याची महागाई वेगळी मोजण्यासाठी एका निर्देशांकाची घोषणा झाली, तेव्हा प्रॅचेट कुटुंबाच्या संमतीने त्याला व्हाइम्सच्या बुटांचं नाव दिलं गेलं. ज्याला महिनाअखेरीला सुटं तेल आणि अर्धा किलो डाळ आणावी लागते, त्याला हे गणित शिकवावं लागत नाही.

ग्रॅनी वेदरवॅक्स 'कार्पे जुगुलम'मध्ये (१९९८) एका तरुण धर्मोपदेशकाशी पापावर वाद घालते. तिचं म्हणणं एवढंच: माणसाला वस्तू समजणं, इथून पाप सुरू होतं. हे वाक्य लक्षात ठेवून मालिका वाचा. खलनायक कोण ते तुम्हाला लेखकाच्या आधी कळेल.

५. लेखकाचं आयुष्य एक-दोन पुस्तकांनंतर वाचा

आधी चरित्र वाचायची गरज नाही, पण दोन पुस्तकं झाली की थोडं माहीत असावं, कारण त्यांच्या नोकऱ्या सरळ कादंबऱ्यांत उतरल्या आहेत.

जन्म २८ एप्रिल १९४८, इंग्लंडमधल्या बीकन्सफील्डचा. एकुलता एक मुलगा. वडील मोटार मेकॅनिक, आई सेक्रेटरी. खरं शिक्षण गावच्या सार्वजनिक वाचनालयात झालं असं ते नेहमी सांगत. शनिवारी तिथे मदतीलाही जात. पंधराव्या वर्षी, १९६३ मध्ये, एका मासिकाने त्यांची कथा विकत घेतली आणि त्या पैशांतून टाइपरायटर आला. सतराव्या वर्षी, १९६५ मध्ये, शाळा सोडून ते 'बक्स फ्री प्रेस' या स्थानिक वर्तमानपत्रात बातमीदार झाले. तिथेच टोपणनावाने मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. वर्तमानपत्राच्या जन्माची गोष्ट सांगणारी 'द ट्रूथ' (२०००) वाचताना छापखान्याच्या शाईचा वास येतो तो या दिवसांतून.

बातमीदार म्हणून एका छोट्या प्रकाशनसंस्थेच्या संचालकाची मुलाखत घ्यायला गेले असताना त्यांनी आपल्याजवळ एक हस्तलिखित असल्याचं सांगून टाकलं. ते 'द कार्पेट पीपल', १९७१ मध्ये छापून आलं. प्रकाशक कॉलिन स्माइद पुढे त्यांचे एजंट झाले. १९८० पासून ते वीजमंडळात जनसंपर्काचं काम पाहत आणि अणुवीज केंद्रं त्यांच्या हद्दीत होती. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रातला अपघात आदल्याच वर्षी झाला होता, म्हणजे पत्रकारांना रोज काय उत्तरं द्यावी लागली असतील ते बघा. कुठलीही मोठी यंत्रणा आतून कशी चालते आणि बाहेर काय सांगते याचा त्यांच्या पुस्तकांतला बारकावा इथला आहे. १९८७ मध्ये 'मॉर्ट'नंतर नोकरी सोडली आणि मग वर्षाला दोन-दोन कादंबऱ्या येऊ लागल्या. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये त्यांच्याइतका कुणीच खपत नव्हता.

सविस्तर हवं असेल तर त्यांचे सहायक रॉब विल्किन्स यांनी लिहिलेलं चरित्र २०२२ मध्ये आलंय. ते निदान दहा कादंबऱ्या झाल्यावर घ्या.

६. पुढची पुस्तकं: एक धागा धरून चला

पहिलं पुस्तक आवडलं तर त्याच पात्रांचं पुढचं घ्या. पोलिसांचा क्रम असा: 'गार्ड्स! गार्ड्स!', 'मेन अ‍ॅट आर्म्स', 'फीट ऑफ क्ले', 'जिंगो', 'द फिफ्थ एलिफंट', 'नाइट वॉच'. हा धागा मात्र क्रमानेच वाचा, कारण यात माणसं बदलत जातात. व्हाइम्स गटारातून कुठवर येतो ते मधलं पुस्तक गाळलंत तर हरवतं.

'नाइट वॉच' (२००२) अनेकांच्या मते सर्वोत्तम आहे. माझ्याही मते. म्हणूनच ते आधी वाचू नका. व्हाइम्स काळात मागे फेकला जातो आणि ऐन उठावाच्या दिवसांत स्वतःच्याच तरुण रूपाला पोलिसाचं काम शिकवतो. पंचवीस मे या तारखेला आणि लायलॅकच्या फुलांना त्यात जे स्थान आहे ते आधीची पाच पुस्तकं वाचलेल्यालाच जाणवतं. त्या दिवशी आजही वाचक छातीला लायलॅक लावतात.

आयटीत काम करणाऱ्यांनी 'गोइंग पोस्टल' लांबणीवर टाकू नये. त्यात मनोऱ्यांवरून प्रकाशाच्या खुणांनी संदेश पाठवणारं जाळं आहे आणि काम करताना मेलेल्या कामगाराचं नाव त्या जाळ्यावर फिरत ठेवण्याची रीत आहे: पुढे पाठवा, नोंद करू नका, टोकाला पोचलं की परत फिरवा. प्रॅचेट गेल्यावर जगभरच्या प्रोग्रामरांनी आपल्या सर्व्हरच्या हेडरमध्ये त्यांचं नाव अशाच खुणेने घातलं. वापरणाऱ्याला ते दिसत नाही, पण नाव फिरत राहतं.

७. शेवटची पुस्तकं शेवटीच

डिसेंबर २००७ मध्ये प्रॅचेटनी जाहीर केलं की आपल्याला अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झालाय. यात मेंदूचा मागचा भाग बिघडतो. बोलणं आणि विचार बराच काळ शाबूत राहतात, पण समोरचं दिसूनही कळेनासं होतं. टाइप करणं अवघड झालं तेव्हा ते सांगून लिहायला लागले, कधी संगणकाला, कधी रॉब विल्किन्सना. त्यांनी संशोधनाला दहा लाख डॉलर दिले. २०१० मध्ये बीबीसीवरच्या प्रतिष्ठेच्या डिंबल्बी व्याख्यानात स्वेच्छामरणाचा हक्क मागितला आणि स्वतःला वाचणं जड जात असल्याने बहुतेक भाषण नट टोनी रॉबिन्सन यांनी वाचलं. २००९ मध्ये 'सर' झाल्यावर त्यांनी घराजवळ लोहखनिज खणून, त्यात उल्केचे तुकडे घालून स्वतःची तलवार बनवून घेतली. अशा माणसाचं हे शेवटचं दशक.

या काळातल्या 'स्नफ' (२०११) आणि 'रेझिंग स्टीम' (२०१३) यांची वाक्यं लांब आहेत, पात्रं भाषणं करतात, वीण सैल आहे. ही पुस्तकं पहिल्यांदा हाती आली तर प्रॅचेटबद्दल गैरसमज होईल. आधीची माणसं ओळखीची झाल्यावर वाचलीत तर त्यांतला जिव्हाळा पोचतो. 'द शेपर्ड्स क्राउन' हे टिफनीचं पाचवं आणि मालिकेचं शेवटचं पुस्तक. १२ मार्च २०१५ रोजी प्रॅचेट गेले, पुस्तक त्यानंतर आलं. ते सगळ्यांत शेवटी ठेवा, कारण त्याच्या सुरुवातीच्याच भागात असा एक निरोप आहे जो घ्यायला आधीचा सहवास हवा.

अपुरी राहिलेली हस्तलिखितं कधीतरी येतील म्हणून थांबू नका. त्यांच्या इच्छेनुसार ती ज्या हार्ड डिस्कवर होती ती २०१७ मध्ये डॉर्सेटच्या जत्रेत वाफेच्या रोलरखाली चिरडली गेली. मुलगी रिआना यांनीही नवी डिस्कवर्ल्ड पुस्तकं येणार नाहीत असं सांगितलंय.

८. विकत घेताना आणि ऐकताना

- एकाच नावाची तीन-तीन पुस्तकं असतात. 'मॉर्ट' आणि 'गार्ड्स! गार्ड्स!' यांच्या चित्रकथाही आहेत आणि स्टीफन ब्रिग्ज यांनी केलेली नाट्यरूपांतरंही. मागवण्याआधी पानांची संख्या बघा. शे-दीडशे पानं असतील तर ती कादंबरी नव्हे.
- मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात किर्बींच्या मुखपृष्ठाची प्रत दिसली तर घेऊन टाका. अक्षर बारीक असतं, तेवढं तपासा.
- ऑडिओबुक घेताना ते संक्षिप्त तर नाही ना ते बघा. टोनी रॉबिन्सन यांची जुनी वाचनं छान आहेत, पण कापलेली आहेत. २०२२ पासून आलेल्या नव्या पूर्ण ध्वनिमुद्रणांत तळटीपा बिल नाई वाचतात आणि मृत्यूचा आवाज पीटर सेराफिनोविच यांचा आहे, त्यामुळे टीप कुठे सुरू झाली ते कानालाच कळतं. इंग्रजी वाचायचा वेग कमी असेल तर पुस्तक समोर धरून ऐका.
- पडद्यावरची रूपांतरं नंतर बघा. 'गोइंग पोस्टल' (२०१०) बरंच जमलंय. २०२१ ची 'द वॉच' ही मालिका पुस्तकांपासून इतकी दूर गेली आहे की ती बघून व्हाइम्सबद्दल मत बनवू नये.
- 'द सायन्स ऑफ डिस्कवर्ल्ड'चे चार भाग विज्ञानावरचे आहेत, अधूनमधून गोष्ट येते. कादंबरी समजून घेतलेत तर निराश व्हाल.

डिस्कवर्ल्ड नकोच, पण प्रॅचेट वाचायचे आहेत, असं असेल तर 'नेशन' (२००८) घ्या. समुद्राच्या लाटेत सगळं गाव गेलेला एक मुलगा आणि जहाज फुटून त्याच बेटावर आलेली एक मुलगी, दोघं मिळून पुन्हा वस्ती उभी करतात. एकच खंड, ना मालिका ना क्रम, इंग्रजीही सोपं. दहा-बारा वर्षांच्या वाचकासाठी मोठ्या दुकानाच्या जमिनीच्या फळ्यांखाली राहणाऱ्या चार इंची माणसांचं 'ट्रकर्स' (१९८९) आधी द्या, 'नेशन' दोन-तीन वर्षांनी.